एफवायबीए भूगोल: गुण कुठे मिळतात आणि कुठे जातात

"बारावीला भूगोल नव्हता, आता एफवायला घेतलाय, झेपेल का?" हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. झेपेल. पहिल्या वर्षाचा पोर्शन पृथ्वीचं अंतरंग, खडक, नदी, वारा, लाटा इथून सुरू होतो आणि बहुतेक प्राध्यापक वर्गाला काहीच येत नाही असं धरून शिकवतात. धक्का बसतो तो "सोपा विषय" म्हणून घेतलेल्यांना. पाठांतरावर या विषयात पास होता येतं, चांगली ग्रेड मिळत नाही. ती आकृत्या, नकाशे, जर्नल (प्रात्यक्षिकाची वही) आणि वेळेवर दिलेलं सबमिशन यांवर ठरते, आणि या चारही गोष्टी परीक्षेच्या आदल्या रात्री होत नाहीत.

खाली जे लिहिलंय ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमधल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. स्वायत्त कॉलेजात असाल तर गुणांची विभागणी वेगळी असू शकते. तिथे तुमच्या विभागाचा तक्ता अंतिम.

आधी गुणांचा तक्ता मिळवा

पहिल्या आठवड्यात पुस्तक नंतर घ्या, आधी अभ्यासक्रमाची प्रत आणि गुणविभागणी मिळवा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सेमिस्टरला 22 श्रेयांक (क्रेडिट) असतात, म्हणजे वर्षाला 44. चार श्रेयांकांचा पेपर 100 गुणांचा, दोन श्रेयांकांचा 50 गुणांचा. 100 गुणांच्या पेपरात सर्वसाधारणपणे 60 गुण सेमिस्टर-अखेरच्या लेखी परीक्षेला आणि 40 इंटर्नलला, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाला, असतात. 50 गुणांच्या पेपरात 30 आणि 20.

इथली एक अट पुष्कळांना निकालानंतर कळते. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे 40 टक्के लागतात, म्हणजे लेखीत 60 पैकी 24 आणि इंटर्नलमध्ये 40 पैकी 16. समजा कुणाला इंटर्नलला 36 मिळाले आणि लेखीत 22. बेरीज 58 होते, घरी सांगायला बरी वाटते, पण केटी लागते, म्हणजे नापास झालेला भाग पुन्हा द्यावा लागतो. उलटंही खरं आहे: लेखीत 50 गुण मिळवणारा हुशार मुलगा असाइनमेंट न दिल्यामुळे अडकतो.

मग 40 गुणांचं इंटर्नल कशाकशात वाटलंय ते विचारा. चाचणी किती गुणांची, असाइनमेंट किती, प्रेझेंटेशन आहे का, क्षेत्रभेटीचा अहवाल आहे का, वर्गातल्या सहभागाला काही गुण आहेत का. प्रत्येकाची तारीख लिहून घ्या. पहिल्या सेमिस्टरच्या चाचण्या साधारण गणपतीच्या आगेमागे येतात, आणि कोकणात घर असलेल्यांची एसटी किंवा रेल्वेची तिकिटं त्याआधीच काढलेली असतात. चाचणीची तारीख लागल्यावर "मॅडम, गावी जायचंय" म्हणण्यापेक्षा जुलैतच विचारून ठेवलेलं बरं.

ग्रेडचं गणित

दहा अंकांच्या पद्धतीत ओ ग्रेडला 10, ए प्लसला 9, एला 8, बी प्लसला 7, बीला 6, सीला 5 आणि पीला 4 गुणांक मिळतात. नापास म्हणजे शून्य. सेमिस्टरची सरासरी, म्हणजे एसजीपीए, काढताना प्रत्येक पेपरचा गुणांक त्याच्या श्रेयांकांनी गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं.

उदाहरण घेऊ. भूगोलाचा चार श्रेयांकांचा पेपर, ए: 4 गुणिले 8, म्हणजे 32. भूगोलाचंच दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक, ए प्लस: 18. उरलेले आठ पेपर दोन-दोन श्रेयांकांचे; त्यातल्या तिनांत ए (48), तिनांत बी प्लस (42), दोनांत बी (24). एकूण 164, भागिले 22, एसजीपीए 7.45.

आता भूगोलाचा मोठा पेपर एवरून बी प्लसवर घसरला, तर सरासरी 7.27 होते. दोन श्रेयांकांचा एखादा पेपर तितकाच घसरला असता तर 7.36 राहिली असती. जो मुख्य विषय (मेजर) म्हणून घ्यायचाय त्याच्या मोठ्या पेपरला वेळ जास्त का द्यायचा, ते या दोन आकड्यांत दिसतं. तरी दोन श्रेयांकांच्या पेपरांकडे काणाडोळा करू नका. तिथे आठवडाभराच्या नीट कामाने ग्रेड वर जाते, म्हणून मला ते उलट स्वस्तातले गुण वाटतात.

हजेरी

75 टक्के. कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागते, पालकांना बोलावणं येतं, हॉल तिकीट अडकू शकतं. एनएसएस, एनसीसी, खेळ किंवा युथ फेस्टिव्हलमुळे लेक्चर बुडालं असेल तर संबंधित प्राध्यापकांचं पत्र त्याच आठवड्यात द्या. आजारपणाचं सर्टिफिकेटही परत आल्या आल्या द्या. सेमिस्टरच्या शेवटी आणलेल्या तीन महिन्यांपूर्वीच्या सर्टिफिकेटाकडे कुणीही संशयानेच बघतं. पावसात लोकल बंद पडून चाचणी हुकली तर त्याच दिवशी विभागाला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर टाकलेला "सर, ट्रेन बंद आहे" हा निरोप अर्ज धरला जात नाही.

प्रात्यक्षिक: इथे वेळ घाला

भूगोलाला इतर कला विषयांपेक्षा वेगळं करतं ते प्रात्यक्षिक. यात उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, त्यामुळे हात बसला की पैकीच्या पैकी मिळतात. निबंधवजा उत्तराला पैकीच्या पैकी कुणी देत नाही.

साहित्य साधं आहे: कंपास पेटी, 30 सेंटिमीटरची पट्टी, एचबी आणि 2एच पेन्सिली, चांगला खोडरबर, ट्रेसिंग पेपर, आलेख कागद, रंगीत पेन्सिली. नकाशावरचं अंतर मोजायला दोरा. वळणावळणाची नदी पट्टीने मोजणारे दर वर्षी भेटतात.

पहिली पायरी नकाशाप्रमाणाची. शब्दप्रमाण (शब्दांत सांगितलेलं), अंकप्रमाण (गुणोत्तरात लिहिलेलं) आणि रेषाप्रमाण (भाग पाडलेल्या रेषेने दाखवलेलं) एकमेकांत बदलता आलं पाहिजे. 1:50,000 याचा अर्थ नकाशावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50,000 सेंटिमीटर, म्हणजे 500 मीटर. थोडक्यात 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. चर्चगेट ते विरार हा लोहमार्ग सुमारे 60 किलोमीटर. या प्रमाणावर तो काढायला सुमारे 120 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा मीटरच्या जवळपास कागद लागेल. अशी चार-पाच गणितं आपल्या रोजच्या प्रवासावर करून पाहा, शून्यांचा घोळ कायमचा मिटतो. रेषाप्रमाण काढताना डावीकडचा पहिला भाग उपविभागांसाठी ठेवायचा आणि शून्य त्याच्या उजव्या टोकाला लिहायचं. शून्य अगदी डावीकडे लिहिलं की आकृती कितीही सुबक असली तरी गुण जातात.

दुसरी पायरी स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे टोपोशीट. ही शीटं 1767 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाची. 1:50,000 चं प्रत्येक शीट 15 मिनिटं अक्षांश आणि 15 मिनिटं रेखांश व्यापतं. क्रमांकाची जुनी पद्धत मुंबईवरच समजून घ्या. 16 ते 20 अंश उत्तर आणि 72 ते 76 अंश पूर्व हा चौकोन म्हणजे 47. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग, वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली मोजत जाणारे. या हिशोबाने कुर्ला, अंधेरी, बोरिवली 47 ए/16 वर येतात. दहिसरपाशी 47 ए/15 सुरू होतं. परळच्या आसपास 19 अंश उत्तर अक्षवृत्त जातं, म्हणून कुलाबा, गिरगाव, भायखळा 47 बी/13 वर जातात. आपलं घर कोणत्या शीटवर येतं ते अक्षांश-रेखांशावरून काढा, मग व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "क्रमांक कसा दिला जातो?" या प्रश्नाला अडखळायला होणार नाही. ओपन सिरीजच्या (सर्वांसाठी खुल्या) नव्या नकाशांवर क्रमांकाची पद्धत वेगळी आहे. समोरचं शीट कोणतं ते आधी बघा.

परीक्षेत मुंबईचं शीट येईल या भरवशावर राहू नका. शीट हातात आलं की आधी कडेची माहिती वाचायची: क्रमांक, प्रमाण, सर्वेक्षणाचं वर्ष, समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर. 1:50,000 वर ते साधारण 20 मीटर असतं. मग रंग: पाण्याला निळा, वनस्पतींना हिरवा, शेतीला पिवळा, समोच्च रेषांना तपकिरी, वस्ती आणि रस्त्यांना लाल. स्थान सांगताना आधी पूर्वेकडे वाढत जाणारे आकडे, मग उत्तरेकडे वाढत जाणारे. हा क्रम उलटला की उत्तर पूर्ण चुकतं, आणि ही चूक हुशार मुलंही घाईत करतात.

उताराचं गणित हमखास येतं. दोन बिंदूंच्या उंचीत 120 मीटरचा फरक आहे आणि नकाशावर त्यांच्यात 2.4 सेंटिमीटर अंतर आहे. जमिनीवरचं अंतर 1,200 मीटर, म्हणून उतार 1:10. एकक दोन्हीकडे सारखं करा आणि पायऱ्या दाखवा. बेरीज चुकली तरी पायऱ्यांचे गुण मिळतात.

शीटाचं वर्णन लिहायला सांगितलं तर "येथे नद्या व डोंगर आहेत" असं लिहून सुटका होत नाही. समोच्च रेषा कुठे दाट आहेत, नदीचे प्रवाह कोणत्या दिशेने वाहतात, वस्ती रस्त्याच्या कडेने लांबट पसरली आहे की विहिरींभोवती गोळा झाली आहे, आणि असं का असावं, हे लिहा. नकाशावर दिसतं ते आणि त्यावरून तुम्ही काढलेला अंदाज, अशी दोन वाक्यं जोडीने आली की परीक्षक थांबून वाचतो.

तिसरी पायरी आलेख आणि वितरण नकाशे. मुंबईचा हवामान आलेख काढायला घेतलात तर आधी जुलैचा आकडा बघा आणि मगच पावसाचं प्रमाण ठरवा. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. जानेवारीपासून स्तंभ काढत गेलात तर जुलैचा स्तंभ कागदाबाहेर जातो. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यानुसार प्रदेश फिके-गडद रंगवायच्या नकाशात, लोकसंख्येची घनता रंगवायची, नुसती लोकसंख्या नाही. शीर्षक, सूची, प्रमाण आणि उत्तर दिशा ही चार अंगं नसलेला नकाशा मी तरी अर्धाच धरतो.

जर्नल दर आठवड्याला सही करून घ्या. अनुक्रमणिका, तारीख, पान क्रमांक. प्रमाणित जर्नलाशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि शेवटच्या दोन दिवसांत विभागाबाहेर लागणारी रांग बघवत नाही. मित्राच्या जर्नलावर ट्रेसिंग करू नका. व्हायव्हात परीक्षक तुमचंच पान उघडतो आणि "हा स्तंभ इतका उंच का?" एवढंच विचारतो.

असाइनमेंट आणि क्षेत्रभेट

विषय निवडायची मुभा असेल तर तो जवळचा घ्या. "हिमालयाची निर्मिती" यावर पाठ्यपुस्तक उतरवण्यापलीकडे तुम्ही काय करणार? मिठी नदी बघायला मात्र लोकलचं तिकीट पुरतं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही सुमारे 18 किलोमीटरची नदी. पात्राची रुंदी, काठावरच्या भिंती, भराव, पुलांखाली अडकलेला कचरा, खाडीजवळची तिवरं, हे सगळं डोळ्यांनी बघून लिहिता येतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर बेसाल्टचे उभे स्तंभ आहेत, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांशी त्यांचा संबंध आहे. शिवडीला ओहोटीच्या वेळी चिखलपट्टी उघडी पडते. किनाऱ्यावर जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या वेळी गेलात तर जे बघायचं ते पाण्याखाली असेल. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी खडकांवर उतरायचं नाही.

अहवालात भेटीची तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, हाताने काढलेला आराखडा आणि नोंदी हव्यात. निरीक्षण एका परिच्छेदात, अर्थ दुसऱ्यात. "पाणी काळं दिसत होतं आणि वास येत होता" हे निरीक्षण. "सांडपाणी सोडलं जात असावं" हा अंदाज. आधीच माहीत असलेलं मत निरीक्षण म्हणून खपवलं की अहवाल वर्तमानपत्राच्या कात्रणासारखा वाचला जातो. फोटो दोन-तीन पुरेत. प्रत्येकाखाली दिशा लिहा.

नक्कल सहज पकडली जाते. वर्गातल्या दहा मुलांच्या नकाशात उल्हास नदी एकाच चुकीच्या जागी समुद्राला मिळत असेल, तर ते कुठल्या ग्रुपवरून आलं हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. एआयकडून लिहून घेतलेला मजकूरही तसाच उघडा पडतो: भाषा गुळगुळीत, पण एकाही रस्त्याचं, पुलाचं, गल्लीचं नाव नाही. माहिती कुठून घेतली ते अहवालाच्या शेवटी लिहा, आणि आकडा लिहिलात तर वर्षासकट लिहा.

उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापतात, हे विभागागणिक बदलतं. पहिल्याच लेक्चरला विचारून घ्या. विचारायला लाजू नका, प्राध्यापकांना हा प्रश्न आवडतो.

लेखी पेपर

पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घेतं, म्हणजे शिकवणारा आणि पेपर तपासणारा बहुधा एकच. वर्गात ज्यावर त्यांनी वीस मिनिटं घालवली, ते पेपरात यायची शक्यता मोठी. कला शाखेत मराठीतून उत्तरं लिहिता येतात. माध्यम एकच ठेवा, आणि वर्गात शिकवल्या गेलेल्याच पारिभाषिक संज्ञा वापरा.

मोठ्या उत्तराची बांधणी अशी ठेवा: दोन ओळींत व्याख्या, मग प्रक्रिया कशी घडते, मग आकृती, मग उदाहरण. आकृती उत्तर लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत कोंबायची नाही. ती आधी काढा, तिला नावं द्या आणि मग तिच्या आधाराने लिहा. मुद्दे आपोआप क्रमाने येतात. आकृती पेन्सिलने, नावं आडव्या ओळीत, उजव्या बाजूला. कला दाखवायची गरज नाही. यू आकाराची दरी यू दिसली आणि व्ही आकाराची व्ही दिसली की पुरे.

पुस्तकातलं उदाहरण सगळेच लिहितात. त्याच्या जोडीला आपल्या शहरातलं एक, आकड्यासकट, द्या. पावसाच्या स्थानिक फरकावर प्रश्न असेल तर 26 जुलै 2005 चा दिवस आहेच: सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला 73 मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात इतकी तफावत, यापेक्षा ठळक उदाहरण मिळणार नाही.

मानवी भूगोलात लोकसंख्येवर प्रश्न आला तर जनगणनेचे आकडे असे वापरता येतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33,38,031 होती, 2011 मध्ये ती 30,85,411 झाली. उपनगर जिल्हा त्याच दशकात सुमारे 86 लाखांवरून 93,56,962 वर गेला. शहराचं क्षेत्रफळ 157 चौरस किलोमीटर, उपनगराचं 446. भागाकार केला की 2001 मध्ये शहर जास्त दाट होतं आणि 2011 मध्ये उपनगर, हे लगेच दिसतं. मग कारणं लिहा: गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी कार्यालयं आणि महागडे टॉवर आले, घरं परवडेनात आणि कुटुंबं उत्तरेकडे सरकत गेली. आकडा, तुलना आणि कारण असं तिन्ही एका परिच्छेदात देणारा विद्यार्थी क्वचित सापडतो.

वेळेचा हिशोब साधा आहे. मिनिटं भागिले गुण, आणि त्यातली दहा मिनिटं शेवटी वाचायला. नकाशा भरायचा प्रश्न असेल तर तो पहिल्या अर्ध्या तासात संपवा. टीपा लिहायच्या असतील तर त्या टीपाच ठेवा, निबंध नको.

निकालानंतर

गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. प्रत हातात आल्यावर प्रत्येक उत्तराला गुण दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणी जोडलेली आहे का, हे बघा. या अर्जांना मुदत असते आणि ती निकाल लागल्यापासून मोजतात, त्यामुळे निकालाच्या दिवशीच नोटीस वाचा. इंटर्नलच्या गुणांचं पुनर्मूल्यांकन होत नाही. त्याबद्दल शंका असेल तर गुणांची यादी पुढे पाठवली जाण्याआधीच प्राध्यापकांना भेटायला हवं.

केटी लागली तर ती कोणत्या भागात आहे ते गुणपत्रिकेवर पाहा. फक्त लेखीत लागली असेल तर इंटर्नलचे गुण पुढे धरले जातात आणि लेखी पेपरच पुन्हा द्यावा लागतो. इंटर्नलमध्ये लागली असेल तर नवी असाइनमेंट किंवा चाचणी कधी, हे विभागात जाऊन विचारा आणि परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरा. फॉर्म भरल्याची पावती आणि जुनं जर्नल, दोन्ही जपून ठेवा. प्रात्यक्षिकाची केटी असेल तर तेच जर्नल पुन्हा मागतात.